शिंकेची वाट

आमच्या गायीला वेळकाळ कळत नाही आणि माझ्या सुनेला वेळेशिवाय दुसरं काही कळत नाही. या दोघींच्या मध्ये सापडून मी म्हातारी झाले.

त्या पहाटे गाय अडली होती. वासराचा एकच पाय बाहेर. घरात पुरुष माणूस नाही. माझा मुलगा किमेली फौजेत, दूर उत्तरेच्या सरहद्दीवर. मी कंदील धरून नुसती देवाचा धावा करतेय, तोवर सुनेनं, जेरुतोनं, बाही वर सारली, कोपरापर्यंत हात आत घातला, अडकलेला पाय चाचपून सरळ केला आणि दातओठ खाऊन ओढलं. वासरू बदकन खाली आलं. क्षणभर हूं नाही की चूं नाही. मग नाक झटकून शिंकलं, आणि आम्ही दोघी हसत सुटलो.

मी गायीच्या पाठीवर थोपटून मागे वळते तर काय, ही बादलीत हात धुऊन बुटांच्या नाड्या बांधतेय.

"अगं बये, वासराला अजून आईनं चाटलंसुद्धा नाही!"

"चाटेल की. त्यात माझं काय काम? आई, सहाला पाच कमी आहेत."

"घोटभर चहा तरी घे."

"आल्यावर," म्हणाली आणि धुक्यात दिसेनाशी झाली.

आमच्या इतेन गावात धावणाऱ्यांची सहाची टोळी कोणासाठी थांबत नाही. तिठ्यावर पाण्याच्या टाकीखाली सगळे जमतात. कोच कोमेन घड्याळात बघतो, मान हलवतो की सुटले. पाऊस असो, लग्न असो, मयत असो. उशिरा आलेला एकटा धावतो आणि एकटा धावणारा मागे राहतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

टोळीचं ठीक आहे हो. टोळीला घर नसतं. आमच्या घरचा एक दिवस दुसऱ्यासारखा उजाडेल तर शपथ! आज नळ फुटला, उद्या गाय कुंपण मोडून चर्चच्या मक्यात शिरली, परवा मीच ओल्या पायरीवरून घसरून घोटा सुजवून बसले. जेरुतो या सगळ्याला पुरून उरायची. सकाळचं धावणं बुडालं तर संध्याकाळी, संध्याकाळी पाऊस आला तर पावसात. माझा घोटा सुजला तेव्हा दूध डेअरीत न्यायचं काम तिच्यावर आलं, तर ही पाठीला कॅन बांधून टेकडी चढायची. शेजारची सालिना कुंपणावरून ओरडायची, "किमेलीची आई, सून आणलीस का पोस्टमन आणलास?"

"पोस्टमन परवडला असता," मी म्हणायचे, "तो रविवारी तरी घरी बसतो."

बोलायला असं बोलायचे, पण पोरीवर माझा जीव होता. तिची आई ती शाळेत असतानाच गेली. लग्न होऊन आली आणि पहिल्याच दिवशी मला 'आई' म्हणाली, ते काही वरवरचं नव्हतं. तिला दोनच गोष्टी हव्या होत्या. एक, देशाचा बनियन. नैरोबीत निवडीची शर्यत होते, तीत पहिल्या सहांत यायचं. दोनदा तिचा नंबर सातवा आला होता. आणि दुसरी गोष्ट मूल. सहा वर्षं झाली होती लग्नाला.

त्या दुसऱ्या गोष्टीबद्दल आमच्या घरात बोलणं बंद होतं. ते कसं बंद झालं तेही सांगते.

दोन वर्षांपूर्वी सालिनाला नात झाली. आमच्यात नाव ठेवताना म्हाताऱ्या बायका बाळाभोवती बसतात. बाळाच्या नाकाशी चिमूटभर तपकीर न्यायची आणि घरातल्या गेलेल्या माणसांची नावं एकेक करून पुकारायची. ज्या नावाला बाळ शिंकेल ते माणूस परत आलं, असं समजायचं. सालिनाची नात तिसऱ्याच नावाला शिंकली. सगळ्या बायका ओरडल्या, हसल्या, आंबवलेल्या दुधाचा तुंबा फिरला. जेरुतोही हसत होती. घरी येताना माझ्या जिभेला हाड नाही ते नाहीच. मी म्हटलं, "आमच्या घरची नावं काय, माझ्या तोंडातच कुजायची."

ती रस्त्यात उभी राहिली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, तुम्हाला वाटतं मला नकोय?"

मग एका दमात सगळं सांगितलं. सराव जोरात आला, अंगावर मांस उरलं नाही की धावणाऱ्या बायकांची पाळी थांबते. त्या ते दुखणं मानतच नाहीत; उलट 'आता पाय तयार झाले' म्हणून एकमेकींना टाळ्या देतात. हिचीही थांबायची. आणि दर वेळी हिला वाटायचं, या वेळी तरी. औषधाच्या दुकानातून दिवस गेलेत का ते बघायची पट्टी आणायची, दार लावून बघायची.

"दर वेळी नुसतं धावणंच निघालं, आई. शेवटच्या वेळी पट्टी संडासात टाकली आणि तशीच टेकडी चढले. आता मी या शरीराचं काही ऐकत नाही. ते खोटारडं आहे. तुम्ही परत हे काढलंत ना, तर मी धावत जाईन आणि परत येणार नाही."

"नाही काढणार," मी म्हटलं. आणि जिनं जन्मात कधी तोंड आवरलं नव्हतं, तिनं आवरलं.

गेल्या नाताळात किमेली सुटीवर आला, थोडे दिवस राहिला, गेला. त्यानंतर कोच कोमेन घरी आला. टोपी गुडघ्यावर ठेवून चहा प्यायला आणि म्हणाला, "किमेलीची आई, या वर्षी हिचा नंबर आहे. मी उगाच बोलत नाही. शर्यत जूनमध्ये. तोवर फक्त खंड पडू देऊ नका."

"मला काय सांगतोस? पावसाला सांग. गायीला सांग."

"त्यांनाही सांगतो," तो म्हणाला, आणि जाताना खरंच गोठ्याकडे बघून टोपी हलवली. जेरुतो पोट धरून हसली.

मग पाऊस लागला. या वर्षी असा लागला की तांबड्या मातीचा नुसता काला झाला. बुटांना शेर-शेर चिखल. डेअरीचा रस्ता खचला. वीज गेली ती आठवडाभर आली नाही. तिकडे किमेलीच्या छावणीच्या बाजूला गोळीबार झाल्याची बातमी आली आणि फोन लागेना. आमच्या दोघींचा जीव टांगणीला. अख्खी रात्र जागून काढली तिनं, माझ्या शेजारी बसून, फोन हातात घट्ट धरून. पहाटे त्याचा आवाज ऐकला, दोन शब्द बोलली, फोन माझ्या हातात दिला आणि बूट घालायला गेली. मी किमेलीला म्हटलं, "तुझी बायको वेडी आहे." तो म्हणाला, "ती धावली नाही तर वेडी होईल, आई. जाऊ दे तिला."

जाऊ दिलं. सगळ्यांनीच जाऊ दिलं.

एप्रिलात ती गुरुवारच्या सरावानंतर ओकायला लागली. कोमेन म्हणाला, वेग वाढला की ओकतातच. मक्याच्या पिठाच्या उगालीचा वास तिला सहन होईना. चूल पेटवली की ही बाहेर. टोळीतल्या नाओमीनं सांगितलं, मलाही मागच्या वर्षी असंच झालं होतं, शर्यत जवळ आली की पोट रुसतं. पाळी कधीच थांबली होती. टोळीतल्या बायकांनी तिला टाळ्या दिल्या होत्या. चकरा आल्या तर म्हणे झोप कमी पडते. कुठे काय झालं की त्याचं उत्तर धावण्यातच होतं. आणि वेळ तर अशी लावत होती की कोमेन दोन-दोनदा घड्याळ तपासायचा.

एक दिवस मी गोठ्यामागे गेले तर ही भिंतीचा पोपडा काढून चघळतेय. मला बघून चोरासारखी तोंड पुसायला लागली.

मी किमेलीच्या वेळी याच भिंतीला भगदाड पाडलं होतं. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पण दिलेला शब्द आठवला, आणि मी तोंडाशी आलेलं फिरवून फिरवून विचारलं, "काय गं, अंगात काही वेगळं वाटतंय का?"

तिला कळायचं ते कळलं. माझा हात धरला. तिच्या तळव्यावर ओली माती होती.

"आई, तुम्ही काय विचारताय ते कळतंय मला. नाहीये. मातीत लोह असतं, रक्त कमी झालं की खावीशी वाटते, कोचनं सांगितलंय. मी गोळ्या आणते."

"एकदा बघून तर घे."

"नको." तिच्या डोळ्यांत पाणी तरारलं. "शर्यत होईपर्यंत नको. परत नाही निघालं तर माझ्याच्यानं उठवणार नाही सकाळी. एवढं उठणंच माझ्या हातात आहे, आई. बाकी काय आहे माझ्या हातात? शर्यत झाली की तुम्ही म्हणाल तिथे येते, तुम्ही म्हणाल ते तपासते."

पोट दिसत असतं तर गोष्ट वेगळी. पोट कुठे होतं! थंडीचं जाडजूड जाकीट आणि आत सगळा दोरखंड. मी सालिनाकडे जाऊन रडले. ती म्हणाली, "जूनपर्यंत थांब. असेल तर कुठे पळून जातंय?" रोज सकाळी मात्र चहात दुधाची साय जास्त घालायला लागले, आणि चुलीपाशी बसून मनातल्या मनात नावं घोकायला लागले. माझी सासू तापकिगेन. तिची आई तापरांदिच. आत्या तापनोलेई. म्हटलं, ऐनवेळी आठवायला हवीत.

मेच्या शेवटच्या शनिवारी लांबची धाव होती. ती गेली तशी मी दूध काढलं, वासराला सोडलं, कपडे भिजवले. टोळी परत येते ती आमच्या कुंपणावरूनच जाते. आधी पायांचा आवाज येतो, मग माणसं दिसतात. आवाज आला, माणसं गेली, त्यांच्यात ती नव्हती. नाओमी हात हलवून म्हणाली, "येतेय मागून, पोटात कळ आली म्हणाली."

मी फाटकात उभी राहिले. किती तरी वेळानं वळणावर दिसली.

चालत येत होती.

सहा वर्षांत मी माझ्या सुनेला त्या रस्त्यावरून चालत येताना पाहिलं नव्हतं. पाठीवर दुधाचा कॅन असला तरी धावायची ती. मी अनवाणी धावत सुटले, माझ्या त्या दुखऱ्या घोट्यानिशी. जवळ गेले तर तिच्या मोज्यांपर्यंत रक्त आलं होतं, आणि ती मलाच म्हणत होती, "आई, पळू नका, घसराल."

मोटारसायकलवाल्यानं आम्हाला दवाखान्यात पोचवलं. मी तिला मागून मिठी मारून बसले होते. संध्याकाळपर्यंत सगळं उरकलं. मुलगी होती. पाच महिन्यांची. ओंजळीत मावेल एवढी, पण सगळं जिथल्या तिथे, नाकसुद्धा. श्वास काही घेतला नाही.

नर्स भली बाई होती. तिनं मला बाजूला घेतलं. म्हणाली, "हे धावण्यानं झालं असं नाही. नुसती बसून राहिलेल्या बाईचंही असं होतं. तिला हे नीट सांगा, नाहीतर ती जन्मभर स्वतःला खात बसेल."

मी जाऊन सांगितलं. शब्दाला शब्द सांगितलं. जेरुतो छताकडे बघत होती.

"आई, पोटात फडफडायचं. चढावर जास्त. मला वाटायचं भूक लागली. मी तिला म्हणायचे, गप्प बस, घरी गेल्यावर खाऊ. मी तिच्याशी बोलत होते, आई, आणि मला माहीत नव्हतं."

मी तिचं डोकं पोटाशी धरलं आणि मोठ्यानं रडले. मी अशीच रडते, मला हळू रडता येत नाही. ती रडली नाही. तिनं एवढंच विचारलं, "एक दिवस चुकवला असता तर?" नर्सचं वाक्य मी परत म्हटलं. तिला ते पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही पटलं.

किमेलीला रजा मिळाली नाही. फोनवर तो नुसता श्वास घेत राहिला. सोमवारी संध्याकाळी आम्ही मुलीला माझ्या लग्नातल्या कापडात गुंडाळून घरी आणलं, आणि मंगळवारी पहाटे गोठ्यामागे पुरायचं ठरलं. खड्डा कोमेननं खणला. टोळीला त्यानं नाओमीच्या हवाली केलं होतं. खणून झाल्यावर टोपी हातात घेऊन तो बाजूला जाऊन उभा राहिला, आणि एकदाही घड्याळात बघितलं नाही.

मी, सालिना आणि जेरुतो. धुकं एवढं की गाय दिसत नव्हती, नुसतं वासराचं दूध पिणं ऐकू येत होतं. मी खाली वाकले तेवढ्यात जेरुतो म्हणाली, "आई, नावं घ्या."

सालिना हळूच म्हणाली, "पोरी, श्वास न घेतलेल्याची नावं घेत नाहीत. कोण येणार त्यात?"

"आई, नावं घ्या ना."

दोन वर्षं ज्याला मी कुलूप लावून बसले होते, ते उघडायला ती स्वतः सांगत होती. मी सालिनाकडे बघितलं. ती पुटपुटली, पण कमरेची तपकिरीची डबी काढून माझ्या हातावर ठेवली.

इतक्यात रस्त्यावर पावलं वाजली. सहाची टोळी. धप धप धप जवळ आली, कुंपणापाशी आली, आणि थांबली. जन्मात पहिल्यांदा त्या टोळीचं थांबणं ऐकलं मी. अंगांतून वाफा निघत होत्या.

जेरुतोनं मान वर केली. "थांबू नका गं. अंग गार पडेल."

"पडू दे," नाओमी म्हणाली.

मी गुडघ्यांवर बसले. कापड बाजूला केलं, चिमूटभर तपकीर त्या एवढ्याशा नाकाशी धरली आणि पुकारलं, "तापकिगेन, तू आलीस का?" थांबले. थांबावंच लागतं, तशी रीत आहे. "तापरांदिच, तू आलीस का?" थांबले. "तापनोलेई?" घरातल्या सगळ्या गेलेल्या बायका पुकारल्या मी, ज्यांचं तोंड पाहिलं त्या आणि ज्यांची नुसती नावं ऐकली त्याही. दर नावानंतर जेरुतो वाकून त्या नाकाकडे बघायची. नावं संपली.

"आणखी," ती म्हणाली.

"नाहीत गं आणखी, पोरी."

"आणखी घ्या, आई."

माझं डोकं चालेना. मग तिच्या आईचं नाव आठवलं. सुनेच्या माहेरचं नाव आमच्या घरात आजवर कोणी पुकारलं नव्हतं. मी पुकारलं. "ताब्साबेई, तू आलीस का?"

जेरुतोनं डोळे मिटून घेतले. धुक्यात वासरू पीत होतं. दुसरं काही नाही.

काय वाटलं मला कोण जाणे. राग आला, देवाचा आला, रीतीचा आला, त्या नाकाचा आला. बोटांतली तपकीर मी माझ्याच नाकात कोंबली, दोन्ही नाकपुड्यांत, आणि शिंकले. अशी शिंकले की गाय दचकून बाजूला सरली, आणि कुंपणापलीकडे कोणीतरी हुंदका दिला.

सालिना माझ्याकडे बघत राहिली. रीत मोडल्याबद्दल ती आता मला फाडून खाणार असं वाटलं. पण तिनं डोळे पुसले आणि नावाच्या दिवशी विचारतात तसं मोठ्यानं विचारलं, "कोण आलं गं घरात?"

"ताब्साबेई आली," मी म्हटलं. "जेरुतोची आई आली."

तेव्हा कुठे जेरुतो रडली. दोन्ही हातांनी मुलीला उचलून घेतलं, नाकावर सांडलेली तपकीर बोटानं पुसली आणि तिला त्या नावानं हाक मारली. एकदाच. मग मी खड्ड्यात उतरले आणि खालून हात पुढे केले. तिनं मुलगी माझ्या हातात दिली.